सवण्यावरची झडप

मी एक झडप. धाब्याच्या घरात मधोमध, चुलीच्या डोक्यावर, उजेड आत यायला आणि धूर बाहेर जायला चौकोनी सवणं ठेवलेलं असतं. त्या सवण्यावर मी बसते. म्हणजे बसत होते. पामिरच्या डोंगरांत, बारतांग नदीच्या वरच्या अंगाला पस्तदरा नावाचं गाव आहे. तिथलं माझं घर.

बातमी आली त्या दिवशी सकाळी आयनाबेगिमने मला नेहमीसारखं लांब काठीने ढकलून उघडलं. ऊन खाली उतरलं आणि चुलीपुढच्या जमिनीवर चौकोनी घडी घालून बसलं. आयनाबेगिमने दूध-मीठ घालून चहा उकळला, त्यात कालच्या नोनचे, तंदुरी रोटीचे, तुकडे कुस्करले. तिची सून सावसान ओट्यावर पाय लांब करून बसली होती. पोट वाढल्यामुळे तिला वाकवत नव्हतं. धाब्यावर माझ्या अवतीभवती जर्दाळू वाळत घातलेले होते.

दुपारी पावलं वाजली.

खुशोमद, आयनाबेगिमचा नवरा, गावचा सुतार. सगळे त्याला उस्तो म्हणायचे. कामावरून परतला की तो कधी आधी दाराशी जायचा नाही. वरच्या वाटेने थेट धाब्यावर यायचा, माझ्याशेजारी गुडघे टेकायचा आणि सवण्यात डोकं घालून ओरडायचा, "आयना, चहा टाक! म्हातारा आला!" तो पलीकडच्या गावात एका घराच्या कामाला गेला होता आणि आज-उद्या परतायचा होता. म्हणून पावलं वाजली तशी आयनाबेगिमने मान वर केली. पण पावलं धाब्यावर आली नाहीत. खालच्या अंगाने दाराकडे गेली.

दारातून ओदिना आत आला. हा खुशोमदचा जोडीदार गवंडी. गप्प बसता येत नाही म्हणून गावभर प्रसिद्ध. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"एकटाच आलास?" आयनाबेगिम म्हणाली. "तुझा उस्तो कुठं राहिला? तिथल्या बायका चहा चांगला करतात वाटतं."

ओदिना टोपीची कड बोटांत फिरवत राहिला.

"अरे बोल की मेल्या."

"वहिनी, बसा जरा."

ती बसली नाही. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं, राखेवर नीट टेकवलं, ओढणीला हात पुसले. मग विचारलं, "कुठून पडले?"

"पडला नाही. काम संपवून भिंतीला टेकून बसला होता. पेला हातात होता. मी म्हटलं, उस्तो, चहा निवतोय. दोनदा म्हटलं."

आयनाबेगिमने वर माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी माणसं वर का पाहतात, हे मला अजून कळलेलं नाही. वर तर मीच असते.

मला खुशोमदनेच घडवलं. आयनाबेगिमला लग्न करून या घरात आणलं, त्या वर्षीच्या हिवाळ्याआधी. आमच्याकडे लाकूड फार थोडं. जर्दाळूच्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. नदीकाठचा एक पॉप्लर वादळात आडवा झाला, त्याच्या फळ्यांची मी. खालच्या अंगाला त्याने दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा ठोकला, चामड्याच्या बिजागऱ्या लावल्या आणि ओढून घ्यायला याकच्या केसांचा दोर बांधला.

नवी नवरी खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढीशी? आभाळाला पुरेल का?"

"आभाळ कुणाला झाकायचंय?" तो वरून म्हणाला. "तुझ्या डोक्यावरचं तेवढं झाकलं म्हणजे झालं."

तेव्हापासून सकाळी ती मला उघडत आली आणि संध्याकाळी तो मला बंद करत आला.

वरून माणसं वेगळी दिसतात. भांग दिसतात, टोप्यांवरचं भरतकाम दिसतं, टक्कल पडायला लागलं की घरातल्या कुणाहीआधी मला कळतं. चिडलेलं माणूस वरून लहान दिसतं. झोपलेली माणसं मात्र सगळी माझ्याकडे तोंड करून असतात. त्यामुळे या घराचे झोपलेले चेहरे माझ्याइतके कुणी पाहिलेले नाहीत. नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, गावातली पोरं धाब्यावर चढायची आणि माझ्या कडेने फडकं खाली सोडायची. आयनाबेगिम त्यात कधी अंडं बांधायची, कधी विणलेले मोजे आणि आगाऊ पोर असेल तर कांदा. पोरगं फडकं वर ओढून घेई, गाठ सोडी आणि वरून शिव्या घाली. खाली ती तोंडावर पदर धरून हसत असे.

असं असलं तरी आमच्याकडचा हिवाळा हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. मला बंद केलं तरी थंडी आत यायची. भिंतींतून यायची, दाराखालून यायची, जमिनीतून वर चढायची. घरातली सगळी माणसं चुलीभोवती एका ढिगात झोपायची. सकाळी आयनाबेगिम बादलीतला बर्फ कलथ्याने फोडायची. जळण म्हणजे गोवऱ्या आणि डोंगरउतारावरची तेरेस्केनची झुडपं. ही झुडपं बोटाएवढी व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. तिच्या तरुणपणी ती गावामागे मिळायची. पुढे पुढे बायका पहाटे निघून दिवस मावळताना परत येऊ लागल्या. पाठीवरचा भारा तोच, वाट तेवढी लांबलेली.

उस्तोला या सगळ्याचं काही वाटायचं नाही. हिवाळा आहे तर थंडी असायचीच, असं त्याचं म्हणणं. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची होती आणि त्यातलं एकही पडलं नव्हतं, याचा त्याला अभिमान होता.

मग सावसानचं पहिलं बाळ आलं.

मुलगा होता. तिचा नवरा इमोमदोद मॉस्कोत इमारतींवर काम करायचा, त्याने फोनवरच नाव ठेवलं. बाळ कडाक्याच्या दिवसांत खोकायला लागलं. आयनाबेगिमने त्याला पोटाशी धरलं, सावसानने पोटाशी धरलं, खुशोमदने आपला कोट, बायकोचा कोट, घोड्यावरची झूल, जे हाताला लागेल ते चुलीभोवती टांगलं. माझ्या फटीतून खाली येणाऱ्या थंडीला कोट कळत नाही. रस्ता बर्फाने बंद होता. बाळ वाचलं नाही. त्याबद्दल मला एवढंच सांगायचं आहे.

बर्फ वितळल्यावर इमोमदोद महिनाभर घरी येऊन गेला. उन्हाळ्याच्या तोंडाशी सावसानला पुन्हा दिवस राहिले आहेत, हे सगळ्यांना कळलं. एके दिवशी ती सासऱ्यापुढे चहा ठेवून तिथेच उभी राहिली. ती त्याच्यासमोर मोठ्याने कधी बोललेली नव्हती. त्या दिवशीही मोठ्याने बोलली नाही.

"बाबा, या घरात मी दुसरा हिवाळा काढणार नाही. बाळ घेऊन तर नाहीच. रस्ता बंद व्हायच्या आत मी दुशान्बेला माझ्या आईकडे जाईन."

"तिकडे कोण आहे तुझं? आई आणि दोन भाऊ एका खोलीत राहतात."

"ती खोली गरम असते, बाबा."

खुशोमदने पेला उचलला, न पिता खाली ठेवला. तीस वर्षांपूर्वी वडिलांबरोबर आपण बांधलेल्या घराकडे तो खालून वर बघत राहिला. भिंत, तुळई, मी.

त्याच सुमारास गावात सांगावा आला होता. खाली रुशोनला सुतार आणि गवंडी लोकांसाठी शिकवणी सुरू होणार होती. घर उबदार कसं करायचं ते शिकवणार होते. शिकवायला खोरोगहून मुनिरा नावाची एक तरुण इंजिनिअर येणार होती.

"शिकवणी!" खुशोमद म्हणाला. "माझ्या दाढीत पांढरे केस किती आहेत ते तिला आधी मोजायला सांगा. आता एक पोरगी मला भिंत शिकवणार?"

आयनाबेगिम पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. "नका जाऊ. इथंच बसा. थंडी आली की तिला दारातच सांगा, बाई, हे उस्तोचं घर आहे, इथं यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो रंधा, करवत आणि एक नोन फडक्यात बांधून खाली उतरला. ओदिनाही गेला. त्याला दुपारचं जेवण फुकट मिळणार होतं.

परत आला तो धाब्यावरून नेहमीची हाक मारूनच. पण चहा घेतल्या घेतल्या म्हणाला, "आयना, इस्पंद आहे का घरात?"

आयनाबेगिम खूश झाली. इस्पंदाची धुरी आमच्याकडे दृष्ट काढायला घालतात, आणि ती घालण्याचं काम आजवर बायकांचंच. नवऱ्याला एवढ्या वर्षांनी घराची काळजी वाटू लागली असं तिला वाटलं. तिने निखाऱ्यांवर बिया टाकून तवा त्याच्या हातात दिला. तो भिंतीकडेने सावकाश चालू लागला. ती मागोमाग ओठांत प्रार्थना पुटपुटत निघाली. तिच्यामागे सावसान. मी वरून ही मिरवणूक बघत होते.

कोपऱ्यात धूर एकदम वाकडा झाला. खुशोमद थांबला, खिशातून कोळसा काढून त्याने भिंतीवर एक गोल काढला. पुढे गेला. दाराच्या चौकटीशी धूर आडवा पडला. तिथं दुसरा गोल.

"अहो, हे काय? दृष्ट काय भिंतीला लागलीय?"

"हो. भिंतीलाच लागलीय. धूर जिथं वाकतो तिथून थंडी आत येते. मुनिराने मेणबत्तीच्या धुराने दाखवलं. मी म्हटलं, आमच्याकडे धुराला काय तोटा."

आयनाबेगिमची प्रार्थना ओठांतच राहिली. मग ती हसायला लागली, आणि सावसानही. त्या वर्षात सावसान पहिल्यांदाच हसली.

शेवटी तो चुलीपाशी आला. मी त्या वेळी बंद होते. तरीही तव्यावरचा धूर ताणलेल्या दोऱ्यासारखा सरळ माझ्या फटीत शिरला. खुशोमद बराच वेळ माझ्याकडे बघत उभा होता. त्याने माझ्यावर गोल काढला नाही. उंच असल्यामुळे हात पोचला नसेल.

त्या उन्हाळ्यात आमचं घर म्हणजे शाळा झालं. शिकवणीला गेलेल्या पाच जणांना सरावासाठी एक घर हवं होतं, खुशोमदने आपलं दिलं. भिंतीच्या आतून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा राहिला. पट्ट्यांच्या मधे धुतलेली, पिंजलेली लोकर, वर बोरूच्या चटया आणि त्यावर भुसा घातलेल्या गाऱ्याचा गिलावा. भिंती वीतभर आत सरकल्या. ओट्याखाली पेंढा ठासला. दाराला आतून दुसरं दार आलं.

पहिल्या लोकरीचा वास दोन दिवस घरात कोंडला. बायकांनी ती नुसती नदीत बुचकळून काढली होती. आयनाबेगिमने सगळी उपसून बाहेर फेकली. "मेंढी आत बसवायची तर जिवंत तरी बसवा," ती ओदिनाला म्हणाली, "निदान दूध देईल." मग ती स्वतः राखेच्या पाण्यात लोकर धुवायला बसली, आणि गावातल्या बायकांना धरून बसवलं.

खांबांवरून एकदा वाद झाला. आमच्या घरांत पाच खांब असतात आणि पाचांना पाच पवित्र माणसांची नावं असतात. ओदिना म्हणाला, भिंतीलगतचा खांब चटईमागे घेऊ, फट राहणार नाही. आयनाबेगिम मधे उभी राहिली. "घरच्या मोठ्या माणसाला भिंतीत चिणणार? फट राहिली तर राहू दे. मी तिथं उशी लावीन." पुरुष हसले, पण खांब उघडा राहिला. चटया त्याच्याभोवती कातरून बसवल्या.

संध्याकाळी सगळे गेले की खुशोमद दिवसभराचा धडा बायकोवर गिरवून बघायचा.

"सांग, भिंत म्हणजे काय?"

"भिंत म्हणजे भिंत."

"नाही. भिंत म्हणजे दोन सदरे. एक जाड सदरा घालण्यापेक्षा दोन पातळ घातले की ऊब जास्त. का? मधे हवा अडकते."

"हे मला माझ्या आजीने सांगितलं होतं. तिला कुणी इंजिनिअर म्हटलं नाही."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सदऱ्याबद्दल कधी विचारलं? भिंतीबद्दल विचारत होतात, तेही स्वतःलाच."

राहिले होते मी. माझ्या जागी दुहेरी काचेची चौकट बसायची होती. खुशोमदने ती अंगणात बसून बनवली. एक तावदान उघडता येईल असं ठेवलं, धुराला, मोकळ्या हवेला, आणि नवरोजच्या फडक्याला. चौकट तयार झाली. तिच्या चार बाजूंवर कुठली बाजू कुठल्या दिशेला ते त्याने पेन्सिलने लिहिलं आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. मला याचं वाईट वाटलं नाही. दोर झिजला होता, एक फळी चिरली होती. ज्याने घडवलं त्याच्याच हाताने खाली उतरायचं, याहून चांगलं काय असतं?

पण त्याच दिवशी पलीकडच्या गावाहून माणूस आला. त्यांच्या घरी म्हातारी आजारी होती, थंडीच्या आत भिंती करून द्या म्हणाला.

"आधी आपलं सवणं करा की," आयनाबेगिम म्हणाली.

"त्यांचं करून येतो. आपलं काय, घरचंच आहे."

तो ओदिनाला घेऊन गेला. पुढचं मी सांगितलंच आहे.

माणसं आली, रडली, जेवली. तिसऱ्या दिवशी दिवा लावला, खलिफाने, म्हणजे गावच्या धर्मगुरूने, रात्रभर प्रार्थना म्हटल्या. मग माणसं गेली. घर मोठं वाटायला लागलं. भिंती तर आत सरकल्या होत्या.

ओदिना हातोडी घेऊन आला. "वहिनी, चौकट बसवून टाकू. अर्ध्या दिवसाचं काम."

"चहा घे," आयनाबेगिम म्हणाली. तो चहा पिऊन गेला. काही दिवसांनी पुन्हा आला. "आज नको," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी ती नुसतीच त्याच्यासमोर पेला ठेवून बाहेर निघून गेली.

दुपारच्या वेळी ती मला उघडून ठेवायची आणि खाली बसून राहायची. कसला तरी आवाज झाला की मान वर करायची. मांजर असायचं. वाऱ्याने सरकलेलं जर्दाळू असायचं. दुहेरी काच बसली की वरून मारलेली हाक खाली पोचत नाही, हे तिला ठाऊक होतं. हाक मारणारं आता कुणी नाही, हेही तिला ठाऊक होतं.

वरच्या कड्यांवर पांढरं दिसू लागलं. सावसानने तिचं बोचकं बांधलं. खाली जाणाऱ्या जीपमध्ये तिच्यासाठी जागा सांगून ठेवली होती.

"आई, मला जायचं नाहीये," ती म्हणाली.

"मग राहा."

"उघड्या आभाळाखाली? बाबांनी सगळं घर केलं. तुम्ही वरचं करू देत नाही."

आयनाबेगिम चुलीतलं जळण सारत राहिली.

"मागच्या वेळीही मी तुमचं ऐकून इथं राहिले होते, आई. मी तुम्हाला दोष देत नाही. पण आता मी कुणाचं ऐकून राहणार नाही."

मग आयनाबेगिम उठली. "जायचं तर जा. पण दृष्ट काढल्याशिवाय जायचं नाही."

तिने निखाऱ्यांवर इस्पंद टाकला, तवा सावसानभोवती फिरवला, तिच्या पोटाभोवती फिरवला, बोचक्याभोवतीही फिरवला. तिथं थांबायला हवं होतं. पण तवा हातात होता आणि धूर निघत होता. ती भिंतीकडेने चालायला लागली.

कोपऱ्यात आली. धूर सरळ वर गेला. ती तिथं उभी राहिली, तवा खाली धरला, वर धरला. धूर सरळच. ती दाराशी गेली, चौकटीला तवा टेकवला. धूर हलला नाही. ओट्याच्या कडेने, खिडकीखालून, खांबाला तिने उशी लावली होती तिथून, सगळीकडे ती फिरली. सगळीकडे धूर पाणी भरलेल्या घागरीसारखा निश्चल. तिचा चेहरा बदलत गेला. या घरात नवऱ्याचा हात कुठं कुठं फिरला होता, ते तिला आता दिसत होतं. माणूस गेल्यापासून पहिल्यांदाच तो तिला दिसत होता.

मग ती चुलीपाशी आली, आणि धूर वळला. सरळ माझ्याकडे.

"बघ," ती सावसानला म्हणाली. "एवढंच राहिलं होतं त्यांचं."

तवा खाली ठेवून ती बाहेर गेली. मला तिची पावलं धाब्यावर ऐकू आली. माझ्याशेजारी उभी राहून ती खालच्या आळीकडे तोंड करून ओरडली, "ओदिना! अरे ओदिना! हातोडी घेऊन ये! चहा टाकलाय!"

"चहा टाकलाय म्हणजे खरंच काम आहे, की नुसताच चहा?" खालून आवाज आला.

"ये तर मेल्या!"

माझा दोर तिने धरला होता. ओदिनाने बिजागऱ्यांचे खिळे उपटले. शेवटचा खिळा निघाला तेव्हा माझा सगळा भार तिच्या हातांत आला. मला वाटतं, मी तिच्या अंदाजापेक्षा जड होते.

"हिचं काय करू?" ओदिनाने विचारलं. "चुलीत एक दिवस निघेल."

"तुझ्या चुलीत तुझी टोपी घाल."

खुशोमदने पेन्सिलने लिहिलेल्या दिशा बघून ओदिनाने चौकट बसवली. माझा नमदा सोडवून त्याच्या पट्ट्या कापल्या आणि चौकटीभोवतीच्या फटींत ठासल्या. म्हणजे माझं अर्धं अंग अजून वरच आहे. फळ्या तेवढ्या खाली आल्या.

जीप सावसानला न घेता गेली.

मुलगी झाली. नाव शिरिनमो. बाहेर बर्फ गुडघ्याच्या वर होता आणि सावसान ओट्यावर अनवाणी फिरत होती. बादलीतल्या पाण्याचा बर्फ झाला नाही. पीठ हिवाळ्यातही फुगलं. ओदिना बाळ बघायला आला आणि कोट न काढता घाम पुसत बसला. "काढ की तो," आयनाबेगिम म्हणाली, "कुणी चोरणार नाही, एवढं भिकार कापड आहे." इमोमदोदने फोनवर विचारलं, "आई, फार थंडी आहे का?" ती म्हणाली, "तुझ्याकडे असेल."

कडाक्याच्या दिवसांत बाळ एकदा खोकलं. दोघी जागच्या जागी थिजल्या. बाळ पुन्हा खोकलं नाही. त्याला दूध वर आलं होतं, एवढंच.

पण एक गोष्ट घडली होती, ती त्याच हिवाळ्यात उघडकीला आली.

आमच्याकडे सवण्यातून येणारं ऊन हे पंचांग. उन्हाळ्यात ते जमिनीवर असतं. हिवाळा आला की सरकत सरकत मागच्या भिंतीवर चढतं, पार वर जातं आणि मग उतरायला लागतं. थंडी ओसरली की सूर्य माणसाच्या पावलांपासून अंगात वर चढत जातो, अशी आमच्यात दिवसांची मोजणी. ऊन कुठपर्यंत आलं यावरून कडाक्याचे दिवस कधी सरले, सूर्य माणसाच्या पावलांत कधी शिरला, घोट्यांत कधी, गुडघ्यांत कधी आणि नांगर कधी काढायचा, ते कळतं. खुशोमदच्या वडिलांनी त्यासाठी मागच्या भिंतीत बारीक खाचा कोरल्या होत्या. धुराने काळ्या झालेल्या त्या भिंतीत त्या सहज दिसायच्या नाहीत, पण उन्हाचा चौकोन त्यांच्यावर आला की उजळायच्या.

आणि पाच कारागिरांनी मिळून ती भिंत उन्हाळ्यात झाकली. ऊन तेव्हा जमिनीवर होतं. भिंतीकडे कुणी पाहिलंच नाही. खुशोमदनेही नाही.

काचेतून आलेला चौकोन स्वच्छ गिलाव्यावर चढला तेव्हा आयनाबेगिमने शोधलं, हाताने चाचपलं. मग ओदिनाला बोलावलं.

"उकरू?" तो म्हणाला.

"उकरशील तर थंडी येईल. आणि भिंत वीतभर पुढं आलीय. जुन्या खुणा सापडल्या तरी खोट्या."

"मग नव्या कोरू. कोणत्या दिवशी कुठली, तेवढं सांगा."

खुणांचे दिवस प्रत्येक घराच्या शेताप्रमाणे वेगळे असतात, आमचे कुणालाच सांगता येईनात. कॅलेंडर घरात होतं, पण त्यात सूर्य घोट्यात शिरल्याचं लिहिलेलं नसतं. आयनाबेगिमने मॉस्कोला फोन लावला. "तुझ्या बाबांनी तुला खुणांचे दिवस शिकवले होते का रे?"

पलीकडे बराच वेळ वाहनांचा आवाज येत राहिला. मग इमोमदोद म्हणाला, "मी विचारलं होतं. म्हणाले, कायमचा परत आलास की शिकवीन."

आता मी ओट्यावर असते, चुलीच्या डाव्या हाताला. माझ्यावर लोकर पिंजतात. ओदिना आता स्वतः वरच्या गावांतल्या गवंड्यांना शिकवतो. त्याला लागणारी लोकर आयनाबेगिम आणि गावातल्या बायका धुऊन, वाळवून, माझ्यावर काठीने झोडून तयार करतात. माझ्या फळ्यांवरून किती घरांची ऊब गेली असेल, कोण जाणे. शिरिनमो आता धरून धरून चालते, माझ्या चिरेत बोट घालते, आणि मी ते बोट अडकू न देण्याची शिकस्त करते.

भिंती लिंपायला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. गारा कालवण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, या भिंतीवर काय आहे. आणि त्याला स्वतःलाच आठवत नसेल, तर काम एक ऋतू थांबवून ऊन तिथं येईपर्यंत वाट बघा.

शिरिनमोचा दुसरा हिवाळा नुकताच संपला. ऊन भिंतीवर चढलं आणि उतरलं. आयनाबेगिम शेजाऱ्यांनी नांगर काढला की मगच काढते. इमोमदोद अजून मॉस्कोतच आहे. मागच्या भिंतीवर खुणा कोरायच्या राहिल्या आहेत.